वसतिगृहाच्या जुन्या मेसची वास्तू: हे लांबट दालन आलं कुठून?

जांभा_आणि_चुना

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजच्या वसतिगृहाची जुनी मेस पाडून त्या जागी आरसीसीचं दुमजली भोजनगृह बांधायचं घाटतंय. ठराव झालेला नाही, पण नकाशे तयार आहेत. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. चर्चा इमारतीवर व्हावी, माणसांवर नको.

इमारत अशी: घडीव जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, लाकडी कैच्या (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) उघड्याच, खाली छत मारलेलं नाही. दोन्ही लांब बाजूंना पडव्या. दालन लांबलचक आणि त्या मानाने अरुंद, मध्ये एकही खांब नाही. एका टोकाला स्वैपाकघर, दुसऱ्या टोकाला पायरीभर उंच ओटा. माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "गोदामासारखी शेड आहे, तिच्यात जपण्यासारखं काय?" ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मला ही इमारत टिकायला हवी आहे, आणि तीही स्मारक म्हणून नव्हे. तिथे मुलं जेवत राहिली पाहिजेत. पण समितीसमोर नुसता जिव्हाळा मांडून भागणार नाही. म्हणून विचारतो: भोजनगृहाचा हा आकार नेमका आला कुठून? साहेबाच्या कॉलेजांतून, की आपल्या पंगतीतून? कुणी अशा इमारतींचा अभ्यास केला असेल, दुरुस्ती केली असेल किंवा नुसतं तिथे जेवलं असेल, तर सविस्तर लिहा.

---

देवरुखची_सुरंगी

जेवलेय तिथे. मे महिन्यात दुपारी दीड वाजता त्या हॉलमध्ये पंखा नसला तरी बसवत असे. हे आधी लिहा समितीला.

---

चौकट_आखणारा

आकाराचं म्हणाल तर धागा इंग्लंडकडे जातो, असं माझं मत. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजचं भोजनगृह पाहा. आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्झी याने १५२०च्या दशकात ते बांधवलं. सुमारे ११५ फूट लांब, ४० फूट रुंद, मधोमध खांब नाही, वर हॅमरबीम पद्धतीचं लाकडी छप्पर. इतक्या रुंदीला पुरेल असं सलग लाकूड मिळणं मुश्कील, म्हणून दोन्ही भिंतींतून आखूड तुळया बाहेर काढायच्या आणि त्यांच्यावर पुढचं छप्पर चढवत न्यायचं, अशी ती युक्ती.

पण हा आकार कॉलेजांनी शोधलेला नाही. तो मध्ययुगीन जमीनदारांच्या वाड्यातल्या मुख्य दालनाचा. त्या दालनात वरच्या टोकाला चौथरा असे, त्यावर मालकाचं टेबल आडवं मांडलेलं. खाली नोकरचाकर, पाहुणे, लांब बाकांवर. दुसऱ्या टोकाला लाकडी पडदी, तिच्यामागे आडवा बोळ, आणि बोळात पेयांच्या व पावाच्या कोठारांची आणि स्वैपाकघराकडची दारं. जुन्या दालनांत विस्तव जमिनीवर मधोमध पेटवत आणि धूर छपरातल्या झरोक्यातून जाई. म्हणून छत नसे आणि उंची भरपूर. कॉलेजांनी तेच उचललं. मालकाच्या जागी अध्यापक बसले. तुमच्या मेसमधला पायरीभर उंच ओटा म्हणजे त्या 'हाय टेबल'चीच आठवण असावी.

एक गोष्ट समितीला सांगण्याजोगी आहे. इंग्लंडात यादवी युद्ध चालू असताना पहिल्या चार्ल्सने १६४४ मध्ये आपली पार्लमेंट ऑक्सफर्डला भरवली, ती याच क्राइस्ट चर्चच्या जेवणाच्या दालनात. इतकी मोठी, बिनखांबांची जागा एरवी कुठे मिळणार?

---

खाडीपलीकडे

मी विरुद्ध बाजूने लिहितो, राग नसावा. आमच्याकडे शाळेची अशीच इमारत आहे आणि मी तिच्या देखभालीच्या कमिटीवर आहे. दरवर्षी मे अखेर शाकारणी करायची. कौलं काढायची, फुटकी बदलायची, रीपा तपासायच्या, पुन्हा लावायची. शाकारणारा माणूस मिळत नाही. मिळाला तर त्याच्यामागे धावायचं. एवढं सगळं केल्यावर जूनमध्ये माकडांचा कळप छपरावरून जातो आणि नवी कौलं खाली. गळती कुठून होते ते शोधेपर्यंत कैचीचं टोक भिंतीत कुजलेलं असतं.

वास्तूचं प्रेम मलाही आहे. पण दोनशे मुलांच्या ताटात पाणी गळत असेल तर वुल्झी मदतीला येत नाही. पत्रा घाला आणि मोकळे व्हा, असं आमच्या इंजिनियरने सांगितलं तेव्हा मला ते पटलं होतं.

---

देवरुखची_सुरंगी

खाडीपलीकडे, पत्र्याखाली जुलैत जेवून पाहा आणि शेजारच्याशी बोलून दाखवा. आमच्या लेडीज होस्टेलला पत्रा होता. पावसाची सर आली की वाढणाऱ्या काकूंना हातानेच खुणा करायच्या, भात हवा की आमटी. उन्हाळ्यात तर बोलायलाच नको.

---

मालवणचो_झील

माका सगळा आठवता. आमच्या होस्टेलात आमी खालीच बसान जेवत होतव. उकड्या तांदळाचो भात, कुळथाची पिठी, आणि बाजार असलो की बांगड्याचा तिखला. टेबला मागसून इली. तेव्हा पंगतीचा काय ता आधी बघा, ऑक्सफर्ड नंतर.

---

पोढीवरचं_पाणी

झील यांच्या बाजूने एक दाखला देतो, आणि तो कोकणातलाच आहे. मुंबईच्या साष्टी बेटावरच्या कान्हेरी लेण्यांमध्ये ११ क्रमांकाचं लेणं आहे, त्याला दरबार लेणं म्हणतात. आत गेलात की जमिनीवर कातळातच सोडलेले दोन लांब, बुटके दगडी बाक समांतर दिसतात, पार आतल्या टोकाकडे गेलेले. कडेने भिक्षूंच्या कोठड्या. वेरूळच्या ५ क्रमांकाच्या लेण्यातही तसेच दोन बाक आहेत. ते दालन साधारण ११७ फूट खोल. हे बाक भिक्षूंच्या भोजनासाठी किंवा एकत्र पाठासाठी असावेत, असं अभ्यासक मानतात.

कान्हेरी हे शेकडो वर्षं चाललेलं शिक्षणाचं आणि साधनेचं केंद्र. नवव्या शतकातले, राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचे कोकणचे शिलाहार मांडलिक यांच्या काळातले शिलालेख तिथे आहेत. लेण्यांजवळ पाण्याची कोरलेली टाकी आहेत, त्यांना शिलालेखांत पोढी म्हटलंय. एकत्र राहणारे, एकत्र शिकणारे, रांगेने बसून जेवणारे आणि दाराशीच पाण्याची सोय असलेले लोक. वसतिगृहाच्या मेसला याहून जास्त काय लागतं?

आणि चौकट_आखणारा यांनी दिलेली लांबी वाचून गंमत वाटली. ११५ आणि ११७! अर्थात दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण माणसांची लांब रांग एका छताखाली बसवायची म्हटली की आकार आपोआपच तसा होतो, असं मला वाटतं.

---

चौकट_आखणारा

दाखला उत्तम आहे. फक्त एक फरक लक्षात घ्या. वेरूळचं ते दालन रुंदीलाही जवळजवळ ५८ फूट आहे, कारण कातळात खांब सोडून हवी तेवढी रुंदी घेता येते. लाकडी छपराला ते जमत नाही. कान्हेरी ते वसतिगृह अशी सलग परंपरा मात्र मला दाखवता येणार नाही.

---

पोढीवरचं_पाणी

परंपरा सलग आहे असं मी म्हणत नाहीच. गोदाम म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं की रांगेत जेवण्यासाठी दालन घडवायची कल्पना या किनाऱ्यावर ऑक्सफर्डच्या आधीची आहे.

---

महाडची_सावली

सगळे आकारावर बोलताय. त्या आकारात कोण बसत होतं, त्यावरही बोलूया.

पंगत हा शब्द आपण फार मायेने उच्चारतो. पण पंगतीत कोण बसेल, कोण पडवीत बसेल आणि कुणाला अंगणाबाहेर वाढायचं, हे ठरलेलं असायचं. माझे वडील ज्या बोर्डिंगात शिकले तिथे एकाच छपराखाली दोन पंगती बसत, मध्ये पडदा नव्हता पण सगळ्यांना सीमा माहीत होती. वडील ते सांगत तेव्हाचा त्यांचा आवाज आजही कानात आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी केली, तीही वेगवेगळ्या समाजांची वेगवेगळी, कारण तेव्हा त्याशिवाय मुलं शिकायला येणं कठीण होतं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली आणि एकत्र जेवली. आपल्या कोकणात १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पाण्याची ही गत, तर ताटाची काय असेल? रत्नागिरीत १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांनी पतितपावन मंदिर बांधलं, त्या काळात तिथे सावरकरांच्या पुढाकाराने सहभोजनं होत होती आणि त्यावरून गावात वादही होत होते.

म्हणून तुमच्या मेसबद्दल माझा प्रश्न: आत कुठे भिंत घालून नंतर काढल्याच्या खुणा आहेत का? स्वैपाकघर एकच होतं का? दालन पहिल्यापासून अखंड असेल तर ते समितीसमोर सगळ्यात आधी मांडा. त्या काळात अखंड दालन बांधायचं ठरवणं ही साधी गोष्ट नव्हती. आणि त्या उंच ओट्याचं मला तितकंसं कौतुक नाही. तिथे कोण बसायचं तेही विचारा.

---

जांभा_आणि_चुना

सावलीताई, हा प्रश्न मी घेऊन जातो. जुन्या रेक्टरांच्या घरीही विचारतो.

---

दापोलीकर_७२

विद्यापीठांचा विषय निघालाच आहे तर थोडं जोडतो. कोकणात विद्यापीठं तशी अलीकडची. दापोलीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चं, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ चं. त्याआधीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. त्यामुळे इकडची जुनी भोजनगृहं शोधायची तर शाळांची बोर्डिंगं आणि कॉलेजांची वसतिगृहं हीच जागा. त्यांची कुणी यादीसुद्धा केलेली मी पाहिलेली नाही. ऑक्सफर्डच्या दालनाची मापं आपल्याला बसल्या जागी सापडतात, आणि आपल्या तालुक्यातल्या मेसची मापं कुणाकडे नसतात.

तुमची इमारत केव्हाची आहे? कौलाच्या मागच्या बाजूचा शिक्का पाहिलात का? मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, पुढे आणखी कारखाने निघाले, आणि गलबतांतून ती कौलं आपल्या बंदरांत उतरत. कारखान्याचं नाव कौलावर उठवलेलं असतं.

---

वाशाचा_सुतार

कौलाच्या शिक्क्यावर इमारतीचं वय काढू नका. कोकणात कौल तीन-तीन घरं फिरतं. घर मोडलं की कौलं विकली जातात आणि शाकारणीत कुठलीही कुठेही लागतात. वय काढायचं तर कैची पाहा.

आमच्या घरात सुतारकाम आहे, आजोबांपासून. आता या दालनाची रुंदी का इतकी, ते सांगतो. चौकटीच्या आतच मधे एक उभा खांब असलेली किंगपोस्ट कैची साधारण पाच ते आठ मीटरपर्यंत चालते. त्याहून रुंद गेलात तर दोन उभ्या खांबांची क्वीनपोस्ट घ्यावी लागते, ती बारा मीटरपर्यंत जाते. लाकूड जास्त, लोखंडी पट्ट्या जास्त, खर्च जास्त. गावातल्या संस्थेने देणग्या गोळा करून बांधलेली इमारत असेल तर किंगपोस्टवरच भागवलेलं असणार. रुंदी कैचीने ठरते. लांबी मुलांच्या संख्येने ठरते, मुलं वाढली की दोन कैच्या पुढे वाढवायच्या. म्हणून दालन लांबट. साहेबाने सांगितलं म्हणून नव्हे आणि लेण्यात होतं म्हणूनही नव्हे.

लाकूड कुठलं आहे तेही बघा. सगळेजण साग म्हणतात, पण अशा इमारतीत किंजळ आणि ऐनही पुष्कळदा निघतो. खाडीपलीकडे यांनी लिहिलेलं कैचीचं कुजलेलं टोक ही खरी दुखरी जागा आहे. पण त्यासाठी कैची फेकायची गरज नसते. कुजलेलं टोक कापून तेवढाच नवा तुकडा सांध्याने जोडतात, पट्टी आणि बोल्ट मारतात. आम्ही केलंय. आणि टोक भिंतीत चिणू नका, भोवती बोटभर हवा खेळू द्या.

अजून एक. चुलींवर रांधत होते तोवर धूर कौलांतून बाहेर जायचा आणि वासे काळेभोर, कोरडे राहायचे. गॅस आला आणि वाळवी, भुंगा यांचं फावलं. तेव्हा तेलपाणी, औषध वेळेवर करावंच लागतं.

---

खाडीपलीकडे

सांध्याने जोडता येतं हे आमच्या इंजिनियरने सांगितलं नव्हतं. सुतारदादा, तुम्ही कुठल्या भागात काम करता? आमची इमारत दाखवायची आहे.

---

वाशाचा_सुतार

राजापूर, लांजा. व्यक्तिगत निरोप टाका.

---

केंब्रिजवासी_आंबा

मी सध्या अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला असते. इथल्या हार्वर्ड विद्यापीठाचा मेमोरियल हॉल १८७०च्या दशकात बांधला, यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ. वेअर आणि व्हॅन ब्रंट हे वास्तुकार, दोघेही हार्वर्डचेच. त्यातलं मोठं दालन आधी भोजनगृहच होतं, मग विसाव्या शतकात बरीच दशकं तिथलं रोजचं जेवण बंद राहिलं. मनोऱ्याचं छप्पर १९५६ मध्ये आगीत गेलं ते थेट १९९९ मध्ये पुन्हा उभं राहिलं. पण १९९६ पासून दालन दुरुस्त करून पुन्हा पहिल्या वर्षाच्या मुलांची मेस केलं आहे. लाकडी कैच्या तशाच डोक्यावर, आणि खाली मुलं रोज ट्रे घेऊन रांगेत.

पैसा त्यांच्याकडे अमाप आहे हे खरं. तरी पद्धत शिकण्यासारखी आहे: जुनं दालन जेवायला, आणि सगळी आधुनिक सोय, नळ, शीतगृह, भांडी धुण्याची यंत्रं, ही वेगळ्या भागात. आपल्याकडे स्वैपाकघर जुनं पडलं की अख्खी इमारत जुनी ठरवतात.

---

श्रीवर्धनचा_वारा

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ आमच्याकडेच जमिनीवर आलं. आमच्या आळीत कौलं उडाली आणि पत्रेही उडाले. फरक असा की कौल उडालं ते अंगणात पडून फुटलं, पत्रा उडाला तो दोन वाड्या ओलांडून नारळात अडकला. भिंती जांभ्याच्या होत्या त्या जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा इमारत राखलीत तर कैच्या भिंतीला नीट बांधून घ्या आणि कडेच्या ओळींची कौलं खिळ्याने किंवा तारेने अडकवा. नुसत्या वजनावर भरवसा ठेवू नका.

---

भिंतीची_ओल

सिव्हिलची असल्यामुळे भिंतींवर बोलते. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, तासता येतो, आणि हवेत उघडा राहिला की घट्ट होत जातो. तो सच्छिद्र असतो. पावसात पाणी पितो आणि उघाडी मिळाली की सोडतो. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणूनच भिंतीवर झड येऊ नये यासाठी दोन्ही बाजूंना पडव्या. पडवी ही शोभा नाही. तीच भिंतीचं खरं छत्र आहे. आता लोक 'मजबुती'साठी सिमेंटचं प्लास्टर मारतात आणि वर तेलरंग. ओल आत कोंडते, प्लास्टर पोपडे धरतं, मग म्हणतात जांभा कमकुवत. दुरुस्ती करायची तर चुन्यात करा.

आवाजाचंही सांगते, कारण स्टीलच्या ताटांचा आवाज हा मेसमधला मोठा त्रास असतो. खडबडीत जांभा आणि कौलारू उतार यांत आवाज विखुरतो. सपाट स्लॅब आणि गुळगुळीत टाइल्स असल्या की तो घुमत राहतो. नव्या नकाशात यावर काही उपाय आहे का, विचारा.

---

जांभा_आणि_चुना

रविवारी जाऊन आलो. सोबत टेप, वही आणि जुन्या रेक्टरांचे चिरंजीव. पाहिलेलं सगळं लिहितो.

सुतारदादा, कैच्या किंगपोस्टच आहेत. दालनाची आतली रुंदी सात मीटरच्या आत भरली. स्वैपाकघराकडच्या शेवटच्या तीन कैच्यांचं लाकूड निराळं आहे, तासणीही निराळी, आणि त्याच जागी भिंतीत चिऱ्यांचा उभा सांधा स्पष्ट दिसतो. म्हणजे दालन एकदा वाढवलेलं आहे, तुम्ही म्हणालात तसंच.

सावलीताई, मधल्या भिंतीची कुठेही खूण नाही. फरशीतही नाही, भिंतीतही नाही. स्वैपाकघर एकच, आणि त्यातून दालनात उघडणारं दारही एकच. रेक्टरांच्या चिरंजीवांनी सांगितलं की ओट्यावर टेबल कधीच नव्हतं. तिथे पाण्याचे हंडे आणि ताटांची उतरंड असायची. हंडे फरशीवर ठेवले की पाणी सांडून चिखल होतो, म्हणून ओटा. रेक्टर मुलांच्या ओळीतच बसायचे.

आता मुख्य गोष्ट. खिडक्या मला नेहमीच बुटक्या वाटायच्या, पण का ते कधी पाहिलं नव्हतं. खिडकीची तळरेघ जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर आहे. टेबलाशी बसलं की ती मांडीच्या खाली जाते, वारा पायांवरून जातो. मी भिंतीला पाठ लावून खाली मांडी घालून बसलो. समोरच्या खिडकीतून पडवी आणि पलीकडची आमराई थेट डोळ्यांसमोर, आणि वारा तोंडावर. मग फरशी पाहिली. मधोमध सुमारे चार फुटांची पट्टी सपाट, आणि दोन्ही बाजूंनी भिंतीकडे हलका उतार, भिंतीलगत बोटभर खोल पन्हळ, ती थेट बाहेर अंगणात निघते. तांब्याभर पाणी ओतून पाहिलं, सरळ वाहून गेलं. पंगत उठली की उष्टं काढून अख्खं दालन धुवायची ती सोय आहे. टेबलं आल्यावर पन्हळीच्या तोंडाशी सिमेंट भरलं होतं, दोन ठिकाणी अजूनही आहे.

म्हणजे हे दालन खाली बसणाऱ्या माणसासाठीच आखलंय. भिंतीलगत ओळी, मधून वाढपी, उंची कैचीने दिलेली, रुंदीही कैचीने दिलेली.

---

चौकट_आखणारा

खिडकीच्या तळरेघेने प्रश्न निकालात काढला. इंग्रजी दालनांत नेमकं उलट असतं. तिथे खिडक्या बाकावर बसलेल्यांच्या डोक्यावरून सुरू होतात, खाली भिंतीला लाकडी फळ्यांचं अस्तर, वर तसबिरी. तुमच्या ओट्याला हाय टेबल म्हणणं मी मागे घेतो. याची रीतसर मापं घेऊन नकाशे काढले पाहिजेत. माझ्याकडे आर्किटेक्चरचे तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आहेत, मोजणीला घेऊन येतो. आडवा छेद, खिडकीचा तपशील आणि फरशीचे उतार, एवढं तरी हवंच.

---

महाडची_सावली

रेक्टर ओळीत बसायचे, हे लेखी घ्या. त्या काळचे आणखी दोन-तीन माजी विद्यार्थी गाठून त्यांच्याकडूनही घ्या, एकाच्या सांगण्यावर ठेवू नका. मी महाडहून यायला तयार आहे, ध्वनिमुद्रण करून उतरवून देईन.

---

मालवणचो_झील

मी सांगलंय काय नाय? पंगतीचा आधी बघा!

---

भिंतीची_ओल

पन्हळीतलं सिमेंट छिन्नीने हळू काढा, फरशीच्या कडा उडतील. आणि समितीसाठी दोन पर्यायांचं अंदाजपत्रक करू या: एक पाडून नवं, दुसरं दालन राखून मागच्या बाजूला फक्त नवीन स्वैपाकघर. गॅसचं कोठार नियमाप्रमाणे बाहेर लागतंच, ते दोन्हीकडे सारखं येईल. दुसरा पर्याय स्वस्त निघेल असा माझा अंदाज आहे, पण आकडे काढल्याशिवाय तसं म्हणू नका.

---

खाडीपलीकडे

अंदाजपत्रकात शाकारणीचा वार्षिक खर्च वेगळा दाखवा, लपवू नका. आमच्याकडचे गेल्या काही वर्षांचे हिशोब पाठवतो, खरे आकडे मिळतील. माकडांसाठी आम्ही कडेच्या ओळींवर जाळी टाकून पाहिली, थोडा फरक पडला.

---

जांभा_आणि_चुना

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बैठक पुढच्या महिन्यात आहे. मोजणी त्याआधी व्हायला हवी, म्हणून चौकट_आखणारा यांनी तारीख कळवावी. विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय वसतिगृहातच करतो. सुतारदादा, त्या दिवशी तुम्ही आलात तर कैच्यांची टोकं उघडून पाहता येतील, शिडीची व्यवस्था आहे. जेवण त्याच दालनात, खाली बसून. टेबलं तेवढ्यापुरती बाजूला सारतो.